फुकट मिळालेल्या विद्येचें ऋण

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त एकदां हरवला. वाळवी लागली नव्हती, पूर आला नव्हता, कोणी चोरलाहि नव्हता. एका गृहस्थांनीं आपलें दुकान बंद केलें, एवढेंच निमित्त झालें. तो कां हरवला हें आम्हांस त्या वेळीं समजलें नाहीं. पुढें समजलें, आणि समजून घेत असतांना आजच्या काळांतील एका मोठ्या सार्वजनिक उद्योगाची ओळख झाली. त्या उद्योगाचें फळ आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरांत रोज वापरलें जातें. परंतु तो कोण करितो, कसा करितो व त्याचें आपण कांहीं देणें लागतों कीं काय, याचा विचार क्वचितच होतो. म्हणून ही हकीकत थोड्या विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

आम्ही तुर्भे येथें राहतों. घरांत आम्ही उभयतां, मुलगा, सूनबाई, नातवंडें आणि नोकरीनिमित्त येथेंच राहिलेला थोरल्या बंधूंचा मुलगा, असा परिवार आहे. बाकीचीं घरें पुणें, नागपूर व इंदूर येथें, आणि दोन भाच्या अमेरिकेंत. कुलवृत्तान्ताचीं टिपणें आमच्या वडिलांनीं आरंभिलीं. शाळेच्या सुट्यांतून आम्हीं तीं वाढविलीं. २०१३ सालीं सर्वांच्या विचारें असें ठरलें कीं, आतां छापील ग्रंथ काढण्यापेक्षां एक संकेतस्थळ करावें, म्हणजे दूरदूरच्यांस तें पाहतां येईल व ज्यानें त्यानें आपल्या घरची माहिती भरावी. एका व्यावसायिक गृहस्थांस तें काम दिलें. त्यांनीं तें नेटकें करून दिलें, हें कबूल केलें पाहिजे. वर्षाकांठीं ठरलेले पैसे आम्ही भरीत होतों.

यांत दोन गोष्टी घडल्या. आमच्या वडील आत्याबाई त्या वेळीं नव्वदीच्या घरांत होत्या. कोंकणांतील मूळ घर, तेथील माणसें, कोणाचें लग्न कोठें झालें, कोणत्या सालच्या सांथींत कोण गेलें, हें सर्व त्यांच्या मुखीं होतें. अमेरिकेंतील भाच्या त्यांस दूरध्वनीवर प्रश्न विचारीत आणि उत्तरें तेथल्या तेथें संकेतस्थळावर लिहून ठेवीत. कागदावर प्रत ठेवावी असें कोणाच्याच मनांत आलें नाहीं. दुसरी गोष्ट सूनबाईंच्या ध्यानांत आली. त्या गृहस्थांनीं केलेल्या सांच्यांत मुलाच्या नांवाखालीं त्याच्या संततीस जागा होती. मुलीच्या नांवापुढें मात्र ‘विवाहित’ एवढें लिहिलें कीं शाखा खुंटे. सूनबाईंनीं विचारलें, "मुलींचीं मुलें कोठें लिहायचीं?" त्यांनीं कळविलें कीं सांचा ठरलेला आहे, बदलावयाचा तर निराळा खर्च पडेल. नंतर त्यांनीं उत्तर देणेंच सोडलें.

२०१८ सालीं आत्याबाई वारल्या. २०१९ च्या पावसाळ्यांत एके दिवशीं संकेतस्थळ उघडेना. दूरध्वनि लागेना. दुकानाच्या पत्त्यावर धाडलेलें पत्र परत आलें. पुष्कळ खटपट केल्यावर एका परिचितांकरवीं आमच्या मजकुराची म्हणून एक संचिका हातीं आली. परंतु ज्या आज्ञावलीनें ती लिहिली होती, तिच्यावांचून ती वाचतां येईना, आणि ती आज्ञावली त्या गृहस्थांची खासगी होती. कुलूप आमच्या घरांत आणि किल्ली नाहींशी, असा तो प्रकार झाला. आमचीं जुनीं टिपणें वहींत होतीं, तीं वांचलीं. आत्याबाईंनीं सांगितलेलें गेलें तें गेलेंच.

पुढच्या वर्षीं, घराबाहेर पडण्याची बंदी असलेल्या दिवसांत, आमच्या पुतण्यानें एका संध्याकाळीं नवें संकेतस्थळ उभें करून आमच्यापुढें ठेवलें. आम्हीं विचारलें, "हें कितीला पडलें?"

"आज्ञावली फुकट आहे, काका. जागेचें भाडें तेवढें वर्षाला भरायचें."

"मालक कोण?"

"तसा मालक कोणी नाहीं. म्हणजे, सगळेच." असें म्हणून तो हंसला.

ही वार्ता पुण्यास पोहोंचली तेव्हां थोरले बंधू म्हणाले, "फुकट मिळालेलें टिकत नाहीं." आम्हांस एवढेंच उत्तर सुचलें कीं, दाम मोजून घेतलेलें तरी कोठें टिकलें? परंतु बंधूंची शंका पोकळ नव्हती. ती मनांत धरूनच आम्हीं या विषयाचा शोध घेतला.

यंत्र कसें चालतें

संकेतस्थळाचें एकेक पान पूर्वीं हातानें रचावें लागे. मथळा कोणता, परिच्छेद कोठें संपला, चित्र कोठें, याच्या खुणा मजकुरांतच पेरलेल्या असत. शंभर पानांच्या मथळ्यांचा रंग बदलावयाचा तर तोच बदल शंभरदां करण्याची पाळी येई. पुढें मजकूर आणि त्याचा वेष यांची फारकत करण्यांत आली. मजकूर एका कोठारांत, लेखक, तारीख, विषय अशा रकान्यांसह सांठविलेला असतो. वेषाचा सांचा निराळा असतो. वाचकानें पान मागितलें कीं आज्ञावली कोठारांतून मजकूर काढते, सांच्यांत बसविते आणि तयार पान पुढें ठेवते. सांचा बदलला तर सर्व पानांचा वेष एकदम बदलतो. मजकुरास धक्का लागत नाहीं. चित्रशाळा, पंचांग, देणगीची पावती अशी एखादी जादा सोय हवी असल्यास तिचा जोडभाग मिळतो. त्यास प्लगइन म्हणतात. ज्यास खिळे जुळवितां येत नाहींत अशानेंहि ग्रंथ छापावा, तशी ही सोय आहे. अशा आज्ञावलींत वर्डप्रेस, ड्रुपल आणि जूमला हीं तीन नांवें प्रमुख होत.

यांपैकीं वर्डप्रेसची जन्मकथा ऐकली तेव्हां आम्हांस आमच्याच घरची गोष्ट आठवली. मिशेल वाल्द्रिगी नांवाच्या फ्रेंच तरुणानें लिहिलेली बी-टू नांवाची एक आज्ञावली २००२ च्या सुमारास कांहीं लोक वापरीत असत. हा कर्ता एकाएकीं दिसेनासा झाला आणि सुधारणा थांबल्या. अमेरिकेंत ह्यूस्टन येथें राहणारा मॅट मुलेनवेग नांवाचा एकोणीस वर्षांचा मुलगा ती वापरीत होता. जानेवारी २००३ मध्यें त्यानें जाहीर लिहिलें कीं, कर्त्याचा पत्ता नाहीं. परंतु आज्ञावलीचा परवाना असा आहे कीं ती कोणासहि पुढें चालवितां येईल. इंग्लंडांतून माइक लिट्ल या गृहस्थांनीं कळविलें कीं आपणहि हातभार लावूं. त्यांतून २७ मे २००३ रोजीं वर्डप्रेस प्रसिद्ध झालें. आज जगांतील दर शंभर संकेतस्थळांपैकीं चाळिसांहून अधिक संकेतस्थळें त्यावर चालतात.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. कर्ता दोहोंकडे नाहींसा झाला. आमचा नाहींसा झाला तेव्हां एका घराण्याची स्मृति त्याच्याबरोबर गेली. त्यांचा नाहींसा झाला तेव्हां त्याचें काम शतपटीनें वाढलें. दोहोंत फरक गुणाचा नव्हता कीं पैशाचा नव्हता. फरक परवान्याच्या एका कागदाचा होता.

परवान्याचें मर्म

तो कागद असा. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनीं १९८३ सालीं मुक्त आज्ञावलींची चळवळ आरंभिली आणि १९८९ सालीं तिच्यासाठीं एक सर्वसाधारण परवाना तयार केला. त्यानें घेणारास चार मोकळिकी मिळतात: हव्या त्या कामासाठीं आज्ञावली चालवावी, तिच्या आंत काय लिहिलें आहे तें वाचून बदलावें, मूळ प्रत दुसऱ्यास द्यावी, आणि आपण बदललेली प्रतहि द्यावी. यावर एकच बंधन आहे. बदललेली प्रत दुसऱ्याच्या हातीं द्याल तर ह्याच मोकळिकींसह दिली पाहिजे. आपण उघडी घेऊन पुढच्यास बंद करून देतां येत नाहीं. वरील तिन्ही आज्ञावली ह्याच परवान्याखालीं आहेत.

‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या शब्दांत येथें जो भेद आहे तो महत्त्वाचा आहे. मुक्त वस्तूचे पैसे घेण्यास मनाई नाहीं. पुष्कळ लोक ती बसवून देण्याचें, सजविण्याचें व राखण्याचें काम करून आपला चरितार्थ चालवितात. पैसे दिले कीं नाहीं यापेक्षां आंत पाहण्याचा व बदलण्याचा अधिकार मिळाला कीं नाहीं, हा प्रश्न मोठा. आमच्या सूनबाईंनीं तो अधिकार वापरला. त्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर. संगणकाचें शिक्षण त्यांनीं घेतलेलें नाहीं. परंतु सूचना वाचून व पुतण्यास विचारून तीन आठवड्यांत त्यांनीं आमच्या संकेतस्थळावर मुलींच्या संततीसाठीं, तसेंच घरांत आलेल्या सुनांच्या माहेरच्या नांवासाठीं, नवे रकाने करून घेतले. आमच्या वडिलांच्या वहींत ज्या शाखा खुंटल्या होत्या त्यांस पालवी फुटली. पूर्वीं जें काम पैसे देऊं करूनहि झालें नाहीं, तें आतां कोणाच्या परवानगीवांचून झालें. मोकळीक म्हणजे काय, हें आम्हांस परवाना वाचून जितकें कळलें नव्हतें तितकें त्या दिवशीं कळलें.

संस्कृताचा अभ्यास केलेल्यांस ही रीत अगदींच नवी वाटूं नये. पाणिनीनें सूत्रें रचिलीं. कात्यायनानें त्यांतील उणिवा दाखवून वार्तिकें लिहिलीं. पतंजलीनें दोहोंचा विचार करून महाभाष्य रचिलें. परंपरा तिघांसहि मुनि म्हणते, आणि मतभेद पडल्यास उत्तरोत्तराचें मत अधिक प्रमाण मानते. दोष दाखविणारा येथें शत्रु ठरला नाहीं. तो परंपरेचा भागीदार ठरला. याला कारण सूत्रें सर्वांपुढें उघडीं होतीं. जें उघडें नाहीं त्यावर वार्तिक लिहितां येत नाहीं.

आपल्याकडे वेदांच्या शाखा झाल्या, तशा ह्या आज्ञावलींच्याहि होतात. मतभेद विकोपास गेला तर कांहीं मंडळी आज्ञावलीची प्रत घेऊन आपला निराळा संसार मांडतात. जूमला अशीच जन्मली. मॅम्बो नांवाच्या आज्ञावलीवर काम करणाऱ्या मंडळींचें तिची व्यवस्था कोणीं पाहावी यावरून बिनसलें, आणि २००५ सालीं त्यांनीं वेगळें होऊन हें नवें नांव घेतलें. तें पूर्व आफ्रिकेंतील स्वाहिली भाषेंतील असून त्याचा अर्थ ‘सर्व मिळून’ असा आहे. आपल्या जुन्या दप्तरांत एकूण बेरजेस ‘जुमला’ म्हणत. दोहोंचें मूळ अरबीच.

ड्रुपलच्या नांवाची कथाहि मौजेची आहे. बेल्जममधील अँटवर्प येथें द्रीस बॉयटार्ट नांवाचा विद्यार्थी वसतिगृहांत राहत असे. मित्रांनीं एकमेकांस निरोप ठेवावे यासाठीं त्यानें २००० सालीं एक लहानशी आज्ञावली केली. पुढें संकेतस्थळासाठीं त्यास डच भाषेंतील ‘डॉर्प’, म्हणजे खेडें, हें नांव घ्यावयाचें होतें. नोंदतांना अक्षरें उलटसुलट पडून तें ‘ड्रॉप’ झालें. थेंब या अर्थाच्या डच शब्दावरून पुढें ‘ड्रुपल’ हें नांव आलें आणि जानेवारी २००१ मध्यें आज्ञावली सर्वांस खुली झाली. खेडें वसवावयास निघालेल्या मुलाच्या हातून थेंब पडला, आणि त्या थेंबाभोंवतीं खरोखरच खेडें वसलें!

मराठी मंडळींचा वाटा

त्या खेड्यांत मराठी वस्ती बरीच जुनी आहे. १९९६ सालीं गणेशचतुर्थीस परदेशस्थ मराठी मंडळींनीं सुरू केलेलें ‘मायबोली’ हें संकेतस्थळ पुढें ड्रुपलवर आलें. २००४ सालचें ‘मनोगत’, २००७ सालचें ‘मिसळपाव’, २०११ सालचें ‘ऐसी अक्षरे’ हीं सर्व ड्रुपलवरच उभारलेलीं. घरापासून हजारों कोस दूर असलेल्या माणसांनीं आपल्या भाषेंत कथा, पाककृति, प्रवासवर्णनें आणि वादविवाद लिहावे, दिवाळी अंक काढावे, यासाठीं लागणारें घर अँटवर्पच्या एका विद्यार्थ्यानें व त्याच्या अनोळखी साथीदारांनीं बांधून ठेविलें होतें. आपल्या लोकांनीं त्यांत देवनागरी लिहिण्याची सोय बसविली. ‘गमभन’ नांवाच्या साधनानें इंग्रजी कळफलकावर उच्चाराप्रमाणें मराठी लिहितां येऊं लागलें. घर परक्याचें असतें तर भिंतींत असा कोनाडा पाडतां आला नसता.

फेब्रुवारी २०१६ मध्यें ड्रुपलचें आशियांतील पहिलें मोठें संमेलन खाडीपलीकडे पवई येथें, आय्. आय्. टी. च्या आवारांत १८ ते २१ या तारखांस भरलें. बॉयटार्ट स्वतः आले होते. वर्डप्रेसचे मेळावे मुंबई, पुणें, नाशिक व नागपूर येथें भरलेले आहेत. आणि बँकॉक, तैपेई व मनिला येथील संमेलनांनंतर २०२६ च्या आशियाई संमेलनासाठीं मुंबईची निवड झाली. पुण्यांत २००९ सालीं निघालेली आरटीकॅम्प ही संस्था वर्डप्रेसच्या, तर क्यूईडी-४२ ही ड्रुपलच्या कामासाठीं ओळखली जाते. वर्डप्रेसच्या एकेका मोठ्या आवृत्तीमागें पांचशेंहून अधिक माणसांचे हात असतात, आणि त्यांचीं नांवें आज्ञावलीच्या आंतच श्रेयनामावलींत लिहिलेलीं असतात. जुन्या पोथीच्या अखेरीस लेखकाचें नांव, गांव व शक लिहीत, त्याची आम्हांस आठवण झाली. त्या नामावलींत आपल्या देशांतील नांवें पुष्कळ दिसतात.

ही सर्व व्यवस्था बाजारासारखी चालते, असें एरिक रेमंड या अमेरिकन लेखकानें १९९७ सालीं एका निबंधांत मांडलें. मोजक्या गवंड्यांनीं दारें लावून बांधलेलें प्रार्थनामंदिर ही एक रीत, आणि ज्यांत कोणीहि यावें असा गजबजलेला बाजार ही दुसरी, अशी त्यानें तुलना केली. बाजार म्हणजे काय हें तुर्भेकरांस सांगावयास नको. मुंबईच्या पेठा येथें आल्यापासून कांदा-बटाटा, भाजीपाला, फळें, मसाले आणि धान्य यांचे पांच मोठे बाजार आमच्या शेजारीं आहेत. पहांटे तेथें गेलें तर प्रथम केवळ कोलाहल दिसतो. रोज जाणारास मात्र कळतें कीं, त्या कोलाहलास नियम आहे: गाडी कोठें लागावी, माल कोणीं उतरावा, वजन कोणीं पाहावें, हें ठरलेलें आहे. आणि दुपारीं झाडणारे आले नाहींत तर दुसऱ्या दिवशीं त्या बाजारांत पाऊल ठेववत नाहीं. रेमंडच्या उपमेंतील हा झाडणाऱ्यांचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

उणी बाजू

कारण उघडेपणा म्हणजे सुरक्षितपणा नव्हे. १५ ऑक्टोबर २०१४ रोजीं ड्रुपलच्या सातव्या आवृत्तींतील एक गंभीर दोष जाहीर झाला आणि त्याच वेळीं त्यावरील दुरुस्तीहि देण्यांत आली. दोष उघड होतांच चोरांनींहि तो वाचला. दोन आठवड्यांनीं ड्रुपलच्या सुरक्षामंडळानें स्पष्ट कळविलें कीं, ज्यांनीं पहिल्या सात तासांत दुरुस्ती बसविली नसेल त्यांनीं आपलें संकेतस्थळ परक्याच्या हातीं गेलें असेंच समजावें. मुक्त वस्तु घेऊन जो निजून राहतो त्यास ती तारीत नाहीं. आमच्या घरीं दर रविवारीं सकाळीं दुरुस्त्या बसविणें आणि सर्व मजकुराची प्रत निराळ्या जागीं उतरून ठेवणें, हा नित्यनेम झाला आहे. आत्याबाईंच्या बाबतींत जें घडलें तें पुन्हा घडूं नये.

दुसरा धोका माणसांचा. सप्टेंबर २०२४ मध्यें वर्डप्रेसच्या जगांत मोठें भांडण पेटलें. डब्ल्यूपी इंजिन ही कंपनी वर्डप्रेसवर भरपूर पैसा मिळविते आणि मूळ कामास पुरेसें देत नाहीं, असा आरोप मुलेनवेग यांनीं भर संमेलनांत केला. नंतर त्या कंपनीस वर्डप्रेसच्या मुख्य भांडारांतून दुरुस्त्या व जोडभाग मिळण्याची वाट बंद करण्यांत आली. कंपनी न्यायालयांत गेली, आणि १० डिसेंबर २०२४ रोजीं न्यायालयानें ती वाट पूर्ववत् खुली करण्याचा अंतरिम हुकूम दिला. दरम्यान त्या कंपनीच्या हजारों निरपराध गिऱ्हाइकांस त्रास झाला. आज्ञावली सर्वांची असली तरी भांडाराची किल्ली एका हातीं होती, हें त्या प्रसंगानें दिसलें. थोरल्या बंधूंची शंका येथें कांहीं अंशीं खरी ठरली. एवढें मात्र सांगितलें पाहिजे कीं, एवढ्या कलहांतहि कोणाचा मजकूर त्याच्या मालकास वाचतां येईनासा झाला नाहीं. परवाना कायम होता; पाहिजे त्यानें प्रत घेऊन निराळी शाखा काढावी, ही वाट २००३ सालाप्रमाणेंच मोकळी होती.

त्या भांडणांतील रीत आम्हांस पसंत नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न आम्हांस सोडीना. घेणारानें देणारास काय द्यावें? मुलेनवेग यांनीं २०१४ सालीं असें सुचविलें होतें कीं, वर्डप्रेसवर उपजीविका करणाऱ्या संस्थांनीं आपल्या बळाचा शेंकडा पांच वांटा मूळ कामास द्यावा. हें वाचून आम्हीं पुतण्यास विचारलें, "तुमच्या कचेरींत ह्यावरच कामें करतां ना? मग तूं आजवर काय दिलेंस?"

तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, खरें सांगायचें तर कांहींच नाहीं. कधीं विचारच केला नाहीं." नंतर थोडें हंसून तो म्हणाला, "आणि तुम्हीं?"

प्रश्न रास्त होता. आम्हीं आयुष्यभर मुलांस तीन ऋणें शिकविलीं. त्यांतील ऋषिऋण अध्ययनानें आणि अध्यापनानें फिटतें, म्हणजे मिळालेली विद्या पुढें दिली तरच फिटतें, हेंहि शिकविलें. ती विद्या कोणीं अमेरिकनानें, बेल्जियनानें किंवा पुण्याच्या मुलानें दिली म्हणून ऋण कमी होत नाहीं.

आज्ञा लिहिण्याची कला ह्या वयांत आम्हांस साधणार नव्हती. परंतु मराठी येत होतें. वर्डप्रेस मराठींत मिळतें, आणि तें मराठी स्वयंसेवकांनीं एकेक वाक्य उतरून केलेलें आहे. कोणीहि भाषांतर सुचवावें, जाणत्या संपादकानें तें तपासून स्वीकारावें, अशी पद्धत आहे. आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें बसलों आणि पहिल्याच दिवशीं ‘अधिष्ठापन’, ‘विलोपन’ असे भारदस्त शब्द सुचविले. तीं वाक्यें नाकारलीं गेलीं. तपासणारानें नम्रपणें लिहिलें होतें कीं, घाईंत असलेल्या माणसास बोट कोठें ठेवावें हें एका नजरेंत कळलें पाहिजे. प्रथम राग आला. नंतर नातीस ते दोन्ही शब्द वाचावयास दिले, तिनें विचारलें, "आजोबा, म्हणजे काय?" राग उतरला.

व्याकरणाचा मात्र तेथें उपयोग झाला. पुष्कळ वाक्यांत नांवासाठीं जागा रिकामी सोडलेली असते. तेथें पुढें कोणाचें नांव येईल हें भाषांतरकारास ठाऊक नसतें. इंग्रजींत यानें अडत नाहीं. मराठींत नामास प्रत्यय लागतांना त्याचें सामान्यरूप होतें: ‘राम’ याचें ‘रामानें’, ‘सीता’ याचें ‘सीतेनें’. यंत्रास हें कोणीं शिकवावें? रिकाम्या जागेपुढें नुसतें ‘नें’ लिहिलें तर ‘सीतानें लिहिलें’ असें अशुद्ध उमटतें. उत्तर आपल्या शिष्टाचारांतच होतें. ‘यांनीं’ लिहावें, म्हणजे नांव जसेंच्या तसें राहतें, लिंगाचा प्रश्न मिटतो आणि आदरहि राखला जातो. ही युक्ति आमच्या आधीं इतरांस सुचली होती असें पुढें दिसलें. परंतु अनोळखी सहकाऱ्यांशीं आपली वाट जुळली याचा आनंद कमी झाला नाहीं. आतां पुतण्या व आम्ही रविवारीं दुरुस्त्या बसवून झाल्या कीं तासभर ह्या कामास देतों. त्यानें आपल्या कचेरींतहि विषय काढला असून, कामांत आढळलेले दोष मूळ मंडळींस रीतसर कळविण्याचें त्याच्या सहकाऱ्यांनीं आरंभिलें आहे.

आमच्या वाचकांपैकीं कोणाचें घराणें, वाचनालय, देवस्थान किंवा पाठशाळा संकेतस्थळ करूं इच्छीत असेल तर त्यांनीं काम देण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. आज्ञावलीचा परवाना कोणता? आमचा सर्व मजकूर आम्हांस हवा तेव्हां, दुसऱ्यास वाचतां येईल अशा रूपांत, उतरून घेतां येईल काय? संकेतस्थळाच्या नांवाची नोंदणी व किल्ल्या कोणाच्या नांवें राहतील? या प्रश्नांचीं उत्तरें लेखी घ्यावीं. आणि काम उभें राहिल्यावर चौथा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा: ज्यांनीं हें दिलें त्यांस आपण काय परत करणार? एक चूक कळविणें, एक पान मराठींत आणणें, नवशिक्या शेजाऱ्यास एक संध्याकाळ देणें, यांतील कांहींहि चालेल.

आमच्या संकेतस्थळावर आज आत्याबाईंच्या नांवाखालीं त्यांच्या तिन्ही मुली, त्यांचीं मुलें व नातवंडें ओळीनें दिसतात. ‘आठवणी’ या रकान्यांत मात्र दोनच ओळी आहेत; अमेरिकेंतील भाचीस तेवढेंच आठवलें. पुतण्यानें विचारलें कीं, रकाना रिकामा दिसतो, काढून टाकूं काय? सूनबाई म्हणाल्या, राहूं द्या. त्यांच्या मुलींना अजून कांहीं आठवलें तर त्या स्वतः लिहितील. गेल्या महिन्यांत धाकट्या आत्येबहिणीनें तेथें तिसरी ओळ लिहिली आहे.